खुणेचा दगड

“...मग सिदरामच्या पुलात असं काय आहे बुवा, जे माझ्या पुलात नाही?”

चपला काढायचंही हेरंबला सुचलं नव्हतं.

अण्णाबुवा घाटावरच्या मठात, ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. हेरंब आणि सिदराम, दोघंही लहानपणी गणित त्यांच्याकडेच शिकले आणि पुढं दोघंही इंजिनिअर झाले. शहरातल्या नदीवर आता पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी नवा पूल व्हायचा होता. दोघांनी आराखडे दिले. निवडला गेला सिदरामचा.

“शाळेत पहिला नंबर माझा असायचा,” हेरंब म्हणाला.

“असायचा.”

त्याला वीस वर्षं होऊन गेली होती, पण हेरंबच्या डोक्यातून तो नंबर काही उतरला नव्हता.

“तुझा पूल किती लांब?” बुवांनी विचारलं.

“एकशे... थांबा, एकशे ऐंशी... कागद बघून सांगतो.”

“आणि त्याचा?”

“एकशे चौऱ्याहत्तर मीटर. रुंदी साडेचार. सायकलींना प्रवाहाच्या वरच्या अंगानं वाट, चालणाऱ्यांना खालच्या. मध्ये टेकायला तीन कट्टे.”

“पाठ केलंस की.”

“डोळे मिटले की त्याचाच पूल दिसतो बुवा. लोक त्याला हार घालतात आणि माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू? हेवा वाटतो मला त्याचा.”

“बरं. उंची किती धरलीय त्यानं?”

हेरंबनं एक शेंग फोडली. दाणे खाल्ले नाहीत.

“उंची, हेरंब.”

“घाटाच्या पायरीवर मोठ्या पुराची खूण कोरलीय ना... तिच्यावर हातभर. तिथं पुलाचा तळ.”

बुवांचा हात थांबला.

खूण जुनी होती, पण जागची नव्हती. हेरंब बारा वर्षांचा असताना घाट खचला होता. खुणेचा दगड निसटला आणि दुरुस्तीत चार पायऱ्या खाली बसवला गेला. बुवांनी आणि हेरंबनंच तो पहारीनं रेटून बसवला. सिदराम तेव्हा आजोळी गेला होता.

“म्हणजे मोठा पूर आला तर पाणी पुलालाच धडकणार,” बुवा म्हणाले. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“त्याच्या पुलाचं चित्र चौकात लागलं, त्या दिवसापासून.”

“किती दिवस झाले?”

“...अकरा.”

बुवा रागावले नाहीत. रागावले असते तर हेरंबला बरं वाटलं असतं.

“मी काही वाईट केलं नाही,” तो म्हणाला. “चूक त्याची आहे. मी फक्त बोललो नाही.”

“पूर आल्यावर बोलला असतास?”

“सांगितलं तर तो सुधारेल बुवा. पूल धड उभा राहील. पाटीवर नाव त्याचंच लागेल.”

“त्याचंच.”

“आणि माझं?”

बुवांनी धोतराला हात पुसले. वाकून हेरंबच्या खिशातला फोन काढला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा शेंगा सोलू लागले.

खाली घाटावर कुणीतरी गोधडी आपटत होतं.

शेवटी हेरंबनं फोन लावला. दगडाचं सांगितलं, चार पायऱ्यांचं सांगितलं. मग नुसता “हं... हं...” करत राहिला आणि फोन बंद केला.

“काय म्हणाला?”

“रडला. म्हणाला, तू होतास म्हणून वाचलो. आजच उंची वाढवतो म्हणाला.”

“मग तोंड का असं?”

“वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. कसलं काय! अजून तसंच जळतंय. उलट जास्तच. आता तर पूल अगदी बिनचूक होणार... त्याचा.”

बुवांनी दाण्यांची मूठ त्याच्यापुढं धरली.

“जळू दे,” ते म्हणाले. “पूल वर गेला ना?”