ठमीच्या घरट्यातले पिल्लू

समुद्रकाठच्या एका शहरात एक प्राणिसंग्रहालय होते. तिथल्या थंडगार काचघरात पेंग्विन राहत. त्यांची पिल्ले कशी वाढवावीत, याचा अभ्यास जयवंत खोत नावाचा तरुण संशोधक करी. त्याचे एकच म्हणणे होते: पेंग्विनला बांगडा या माशाऐवजी तारली ही छोटी मासळी खायला घाला, अंडी हमखास फळतील.

संचालिका बर्वेबाईंनी त्याला एक मोसम दिला. पिल्लू झाले तर प्रयोग पुढे चालणार, नाही तर बंद. जयवंतने गोट्या आणि ठमी या जोडीला तारली सुरू केली. बाकीचे बांगडाच खात.

ठमीने अंडे घातले. जयवंतला घास गोड लागेना. पण दिव्यासमोर धरून पाहिले, तर अंडे फोल; आत जीवच धरला नव्हता.

त्याच आठवड्यात भोपळ्या आणि रंगी या शेजारच्या जोडीनेही अंडे घातले. पण ती दोघे भारी उनाड. अंडे उघडे टाकून पोहायला पळत. अशा वेळी ते दुसऱ्या जोडीखाली ठेवायची तिथली रीत होती. जयवंतची सहकारी हेमांगी हिने फोल अंडे काढून ते ठमीखाली सरकवले. ठमीने ते मायेने पोटाशी घेतले आणि यथाकाल त्यातून राखाडी, लोकरीच्या गुंड्यासारखे पिल्लू बाहेर आले.

बर्वेबाई लगबगीने आल्या. अंड्यांची अदलाबदल त्यांना ठाऊक नव्हती. "खोत, जिंकलात हो. तारलीचं पिल्लू."

जयवंतचे कान तापले. हेमांगी हळूच म्हणाली, "पेढे आण आता. पिल्लू काही बोलायचं नाही."

खरे सांगावे, तर प्रयोग जातो. गप्प बसावे, तर उद्या त्याच्या शब्दावर ठिकठिकाणची पेंग्विनघरे तारली चारतील आणि फोल अंड्यांकडे बघत बसतील. तो बर्वेबाईंकडे वळला.

"बाई, अंडं रंगीचं आहे. रंगी बांगडा खाते. ठमीचं अंडं फोल गेलं."

"मग तुमच्या तारलीनं केलं काय?"

"काही नाही. ठमी जाड झाली."

बर्वेबाईंना हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "तारली बंद. पण उनाड जोड्यांची अंडी कुणाखाली ठेवावीत, हे आता तुम्ही शोधायचं. तुम्ही सांगाल ते मला पुन्हा तपासावं लागणार नाही."

पुढल्या मोसमात काचघरात पिल्लांचा असा कलकलाट झाला, की बर्वेबाईंना दार लावून फोनवर बोलावे लागे.

तात्पर्य: दुसऱ्याचे यश आपल्या नावावर खपवू नये. जो आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्याच्याच शब्दावर लोक पुढचे काम सोपवतात.