बेंजामिनचं बटण

जुने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दुरुस्त करणारा माणूस कोल्हापुरात एकच उरलाय, ओतारीमास्तर. एकदा नामवंत संगीतकार मदनरंग दोन पत्रकारांना घेऊन त्यांच्या दुकानात आले. सोबत चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड होता. तो खरं तर त्यांच्या वादकाचा, बेंजामिन समुद्रेंचा. बेंजामिन गेले आणि मदनरंगांनी तो त्यांच्या बायकोकडून आठवण म्हणून मागून नेला.

"माझ्या सगळ्या चाली यावरच बांधल्या मी," मदनरंग पत्रकारांना म्हणाले. "मास्तर, जरा चकचकीत करा. संग्रहालयात ठेवायचाय."

मास्तरांनी वायर जोडली. "साहेब, सुरू करा की."

मदनरंगांनी पुढचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कीबोर्ड गप्पच.

"ते पहिल्याच वर्षी जळालं," मास्तर म्हणाले. "दुसरं मी बेंजामिनच्या हाताला येईल अशा जागी बसवलं. वाजवणाऱ्याला ते डोळे मिटूनही सापडतं. तुम्ही एवढ्या चाली बांधल्या, तर तेवढं दाखवा."

मदनरंगांनी घड्याळात पाहिलं आणि उशीर झाल्याचं सांगितलं.

संग्रहालयातल्या पाटीवर नाव मदनरंगांचंच लागलं. कीबोर्ड चकचकीत आहे. बटण कुठं आहे, हे विचारायला मास्तरांकडे अजून कोणी आलेलं नाही.