सोडायचं झालं तर?

विकणाऱ्यानेच आपल्या मालातली खोट सांगितल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? मिरजेच्या हेमलताताईंनी ती वदवून घेतली.

त्यांच्या मसाल्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक बापूसाहेब मगदूम एकदा हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या भाच्याला घेऊन कारखान्यात आले.

"यात एक दोष दाखवा," बापूसाहेब म्हणाले, "मी गप्प उठतो. नाहीतर आत्ता सही करा. तेही जमत नसेल, तर माझी खरेदी बंद."

कांडपयंत्र थांबलं. सगळ्या बायका ताईंकडे पाहू लागल्या.

भाच्याने इतर सॉफ्टवेअरची पिसं काढली. एक महाग, दुसरं इंटरनेटशिवाय अडतं. "आणि तुमचं तर अगदीच कच्चं, मॅडम. त्यातला सगळा हिशेब मी चुटकीसरशी आमच्यात ओढून घेतो."

ताईंनी पेन उचललं आणि हळूच विचारलं, "उद्या तुमचं सोडायचं झालं तर?"

"आमच्यातून काहीच बाहेर काढता येत नाही," भाचा ऐटीत म्हणाला.

ताईंनी पेन खाली ठेवलं. "बापूसाहेब, दोष यांनीच सांगितला. लेकीला माहेरी पाठवत नाहीत, त्या घरी तुम्ही तरी सोयरीक कराल का?"

बापूसाहेब गप्प उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा टेम्पो नेहमीसारखा मसाला न्यायला आला.