मालिकेतल्या आजीचं मरण

इंदुताई खांबेट्यांच्या कादंबरीवर साताऱ्याकडं टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. त्यात आजीचं काम माझं. सेटवर मी निर्माते रणदिवेसाहेबांच्या चालण्याची नक्कल करायची आन् सगळे पोट धरून हसायचे. एकदा साहेबांनीच ती बघितली.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊनच आले. "सोनाक्का, उद्या तुम्ही मरताय. कादंबरीत आजी मरते, आणि मूळ कादंबरीच्या बाहेर मी जात नाही!"

काम गेलंच की माझं! पण चौथी शिकलेली असले तरी ती कादंबरी मी अक्षरावर बोट ठेवून पुरी वाचली होती.

म्हटलं, "साहेब, कादंबरीत सून एक, तुम्ही तीन केल्या. तिथं घर शेणानं सारवलेलं, इथं झुंबर टांगलं. नायक तर दोनदा मरून परत आला. तवा पुस्तक उघडलं न्हाई, माझ्या मरणाला बरं उघडलं! अहो, ही कादंबरी हाय का गरुडपुराण?"

सेट बघायला आलेल्या इंदुताई हसून हसून खुर्चीतनं घसरल्या. "साहेब, आजी राहू द्या," म्हणाल्या. साहेबांनी पुस्तक मिटलं.

मी अजून जिवंत हाय. आता तर आजीच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चाललीत!