वळणावरची चिंच

घाटात डांबरी रस्ता नुकताच झाला, तेव्हाची ही गोष्ट. वळणावरच्या म्हाताऱ्या चिंचेवर एक मोटारसायकलवाला भरधाव येऊन आदळला आणि जागीच गेला. त्याच्या तेराव्याआधीच गावभर झालं, "चिंच माणूस धरते. तिथं गाडी हळू करायची नाही."

तेव्हापासून वळण दिसलं की जो तो गाडी पिळायचा. दुसरा गेला, मग तिसरा. बुंध्याशी लिंबं-नारळांचा ढीग साचला.

"हळू जा रे बाळांनो," चिंच फांद्या हलवून कळवळायची.

"बघ, हलली! पळव!" ते ओरडायचे.

"आजी, तू हलूच नकोस," शेवटी साळुंकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिगंबर बायकोला मागे बसवून आला. वारा सुटला होता, तरी चिंचेने जीव एकवटून एकेक पान आवरून धरलं.

"अहो, जरा हळू," बायको म्हणाली.

"गप बस! एवढ्या वाऱ्यात तिचं पान हलत नाही, दिसत नाही का?" म्हणत दिगंबरने गाडी पिळली.

चिंचेची पानं दिवस मावळल्यावर मिटतात. गाडी सरळ आपल्याकडेच येताना पाहून तिने ती भरदुपारीच मिटून घेतली.