उंबऱ्याच्या वर गेलेला रस्ता

"मग घरच उचलून घेऊ का, माई?"

विचारणारा वेडा नव्हता. हणमंतराव डुबल, रस्त्यांचा ठेकेदार. तालुक्यातलं निम्मं डांबर त्याच्या हातचं. माणसाला त्याचा तोरा होता, आणि तोरा खोटाही नव्हता.

मठ सांभाळणाऱ्या माई ओसरीवर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"घर कसं उचलतात रे?"

"जॅक लावून. त्याची टोळी येती बाहेरगावची. पाया कापायचा, जॅक बसवायचे, रोज थोडं थोडं वर घ्यायचं. भिंतीला चरा पडत न्हाई."

"आणि उचलायचं कशापायी?"

"पाणी शिरतं. फाटकापासून पोर्चपर्यंतचा आमचा रस्ता उंबऱ्याच्या वर गेलाय. यंदा देवघरापर्यंत पाणी आलं."

"रस्ता आपोआप वाढला?"

रस्ता हणमंतरावानंच वाढवला होता. दरसाल कुठलं तरी काम संपलं की उरलेल्या मालाचा डंपर घराकडे वळायचा. जुन्या डांबरावर नवा थर, वरून रोलर. चार दिवस काळं कुळकुळीत दिसायचं. मग भेगा वर यायच्या, की पुढच्या साली पुन्हा थर.

"लोकाचा रस्ता असता तर काय केलं असतंस?" माईंनी विचारलं.

"उखडला असता." उत्तर तोंडातच होतं. "जुन्यावर नवं थापणं म्हंजे कामचुकारपणा. खालची भेग वर येतीच. खडी लागेपर्यंत खरवडायचं, मग नवं टाकायचं. भल्याभल्या साहेबांना तोंडावर सांगतो मी हे."

"मग घरचा?"

...

घरचा का उखडला नाही, ते गावाला ठाऊक होतं. त्याच रस्त्यावर मागं घेतलेल्या जीपखाली त्याची चार वर्षांची रेवा सापडली होती. गाडी तोच चालवत होता. त्यानंतर त्यानं गाडीला हात लावला नाही, आणि त्याच महिन्यात घरच्या रस्त्यावर पहिला थर पडला.

त्याची बायको शालन तेव्हापासून मागच्या दारानं ये-जा करायची. बाजार असो, देऊळ असो, हळदीकुंकू असो, बाई गोठ्याकडच्या बोळातूनच निघायची. तिनं नवऱ्याला कधी दोष दिला नाही. त्यानं कधी माफी मागितली नाही. मुलीचं नाव घरात कुणी काढत नसे, आणि यालाच ते दोघं सावरणं म्हणत होते.

"शालन जाते म्हणती," हणमंतराव खालच्या आवाजात म्हणाला. "माहेरी, विट्याला. कायमची. संध्याकाळी तिचा भाऊ येतोय न्यायला."

"पाण्याला कंटाळून?"

"तसं न्हाई म्हणती. मग कशापायी, तर बोलत न्हाई. तुमचं ऐकती ती, माई. तिला एवढं सांगा, घर उचलून घेतो म्हणावं. पाणी पुन्हा यायचं न्हाई. आज माल मागवलाय, एवढा थर बसू दे, लगेच घराचं काम धरतो."

माईंनी हात झटकले आणि त्या उठल्या.

"चल. रस्ता बघू तुझा."

फाटकाबाहेर डंपर उभा होता. डांबराच्या वाफा निघत होत्या. पायांना पोती गुंडाळलेले गडी फावडी, टिकाव घेऊन सावलीला बसले होते. मुकादम मालकाच्या खुणेची वाट बघत होता. मागच्या दाराशी शालनची ट्रंक दिसत होती.

माई फाटकातच थांबल्या.

"कुठं?"

"काय कुठं?"

"रेवा."

ते नाव त्या आवारात फार वर्षांनी निघालं. हणमंतरावानं मान फिरवली.

"मला ठावं न्हाई."

"म्हंजे?" माई म्हणाल्या.

"मी खाली उतरलोच न्हाई, माई." तो फाटकाकडं बघत बोलत होता. "काय तरी आडवं आलं, एवढं कळलं. शालन किंचाळली. मी तिथंच बसून राह्यलो, स्टेअरिंग धरून. तिनंच उचललं. तिनंच पदरात गुंडाळून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. मी उतरलो तवा रस्ता कुणी तरी धुऊन काढला होता."

"मग?"

"मग काय... कुठं ते मी बघितलंच न्हाई. म्हणून सगळाच झाकतो. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

एवढा मोठा माणूस, पण हे सांगताना पोरासारखा फाटकाचा गज नखानं खरवडत होता. बघणाऱ्याला त्याचा राग यावा की कीव यावी, कळू नये.

"कुणाला ठावं हाय?" माईंनी विचारलं.

हणमंतरावानं घराकडं बघितलं.

"इचारलंस तिला?"

"कसं इचारू?"

मुकादम पुढं आला. "मालक, माल गार होतोय. दगड झाला तर पसरायचा न्हाई."

बिचारा आपलं काम करत होता. मालकानं त्याच्याकडं बघितलं, मग माईंकडं.

"होऊ दे गार," माई म्हणाल्या.

हणमंतराव निघाला. पोर्चमधून नाही, घराला वळसा घालून, गोठ्याकडच्या बोळातून. त्या बोळातून तो आजवर कधी गेला नव्हता. मागच्या दाराशी तो काय बोलला, ते कुणी ऐकलं नाही. बराच वेळ गेला. डंपरमधल्या वाफा विरळ होत गेल्या. गड्यांनी विड्या विझवल्या आणि ते उगाच उभे राहिले.

मग पुढचं दार उघडलं.

शालन अनवाणी बाहेर आली. उंबऱ्यावरून खाली उतरायचं असतं, तिला वर चढावं लागलं. काही न शोधता, इकडेतिकडे न बघता ती सरळ चालत आली. निम्म्या वाटेवर, कुंपणाच्या अंगाला, ती थांबली. तिथं काहीच नव्हतं. बाकीच्या डांबरासारखंच डांबर होतं.

"हितं," ती म्हणाली.

हणमंतराव तिच्या मागून आला होता. चार पावलं अलीकडंच त्याचे पाय थबकले.

"मला एकटीलाच ठावं होतं," शालन म्हणाली. ती रडत नव्हती. "दरसाली वाटायचं, औंदा तरी इचारतील. अन् दरसाली तुम्ही तिला आणखी खाली घालत होता."

ती खाली बसली. हात पालथा करून तिनं डांबरावर ठेवला, तापल्या अंगावर ठेवतात तसा.

हणमंतरावानं एका गड्याच्या हातातून टिकाव घेतला. मैलोगणती रस्ते उकरलेला माणूस तो, पण टिकाव हातात तसाच राहिला. शालनच्या बोटांजवळची जागा तो बघत होता. बघवत नव्हती, तरी बघत होता. पुढं मात्र पाऊल पडेना.

"माई..." तो तिथूनच म्हणाला. "आता काय करू?"

माई शालनशेजारी जाऊन बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी वर बघितलं.

"आता गाडीतून उतर, हणमंत."