फौजदाराची लस

एका गावात एक बहुरूपी राहायचा आणि आजूबाजूच्या चाळीस गावांत तो दुसराच कुणीतरी असायचा. त्याचं नाव लहानू. आपल्या गावात तो साधा, किडकिडीत, पुढचा एक दात पडलेला माणूस होता. पण सोंगाची पेटी उघडून बसला की तासाभरात तिथून फौजदार उठायचा, नाहीतर जंगलखात्याचा साहेब, नाहीतर हरवलेला नवरा शोधत फिरणारी बाई. लोक आधी घाबरायचे, मग पोट धरून हसायचे आणि सूपभर दाणे घालायचे.

बापाने जाताना लहानूला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक ती पेटी आणि दुसरा एक नियम: एका गावात एक सोंग दोनदा नेऊ नये. लहानूने तो नियम तीस वर्षं पाळला. पण नियम पाळणं वेगळं आणि त्याचा अर्थ कळणं वेगळं.

त्या वर्षी लहानूला नात झाली. आठव्या महिन्यातच जन्मली, एवढीशी. महिनाभराने इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी लहानूच्या सुनेला, मालनला, बजावून सांगितलं, "हिची छाती नाजूक आहे. फ्लूचा ताप हिला झेपणार नाही आणि सहा महिन्यांची होईपर्यंत हिला त्याची लसही देता येत नाही. तेव्हा जो हिला उचलून घेईल, त्याने यंदाची लस घेतलेली असू दे."

मालनने घेतली. तिच्या नवऱ्याने घेतली. राहिला लहानू, आणि चाळीस गावं फिरून, शंभर घरांच्या ओसऱ्यांवर बसून घरी येणारा तोच एक होता.

"मामंजी, तुमची तेवढी राहिली," मालन म्हणाली.

"माझी गेल्या वर्षीच झाली. तुझ्यादेखत टोचून घेतली की."

"ती गेल्या वर्षीची. ही दर वर्षी घ्यावी लागते म्हणे."

"दर वर्षी? तो काय पोळा आहे?"

मालनने ओसरीवरचा पाळणा सोडवला आणि आतल्या खोलीत नेऊन बांधला. लहानू बाहेर बसून राहिला. पाळण्याची कडी कुरकुरल्याचा आवाज तेवढा त्याला दिवसभर ऐकू येत होता.

खरं सांगायचं तर गेल्या वर्षी लस घेतल्यावर त्याचा हात दोन दिवस दुखला होता. दाढी चिकटवायला हात वर होईना, म्हणून एक बाजार बुडला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. एखादी गोष्ट करायची नसली की माणूस खरं कारण खिशात ठेवतो आणि भारदस्त कारण पुढे करतो. "एकदा घेतली ती घेतली," असं तो सगळ्यांना सांगत फिरला. ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या, कारण त्यांनाही घ्यायची नव्हती.

गावच्या उपकेंद्रात अलका नावाच्या नर्सबाई होत्या. त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी लहानूला रस्त्यातच गाठलं.

"लहानूदादा, दुसऱ्या कुणाला नाही तरी तुम्हाला हे कळायला हवं. हा फ्लू तुमच्याच धंद्यातला आहे. दर वर्षी सोंग बदलून येतो. गेल्या वर्षीच्या लसीने तुमच्या अंगाला गेल्या वर्षीचं सोंग ओळखायला शिकवलं. ते शिकलेलंही आता पुसट झालं असेल."

लहानूला राग आला. बापाच्या कलेची तुलना तापाशी.

"बाई, सोंग बदललं म्हणून माणूस बदलत नाही. एकदा ओळखला तो कायमचा ओळखला. बोरखिंडीच्या वत्सलाआजीला विचारा. गेल्या वर्षी मी तिथे फौजदार होऊन गेलो. म्हटलं, तुमच्या म्हशीने सरकारी गवत खाल्लं, चला ठाण्यावर. म्हातारी पहिल्यांदा थरथरली. मग हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून दाराआड काठी ठेवलीय तिने. म्हणते, आता कसाही ये, तुला चालीवरून ओळखीन."

"म्हणजे आता तिला फसवता येणार नाही?"

"नाही."

"आणि फसवता आलं तर?"

"तर दंड भरीन."

"भरू नका," नर्सबाई म्हणाल्या, "नुसता पुढे करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानू बोरखिंडीला निघाला. राखाडी शर्ट, खांद्याला पिशवी, हातात वही आणि बॅटरी, डोक्यावर टोपी. विजेचे मीटर बघणारा माणूस. आयुष्यात पहिल्यांदाच तो पकडलं जाण्यासाठी सोंग घेऊन निघाला होता. म्हणून त्याने चाल बदलली नाही, आवाज बदलला नाही. पडलेल्या दाताच्या जागी नेहमी मेणाचा दात बसवायचा, तोही बसवला नाही. इतक्या खुणा ठेवल्यावर आंधळाही ओळखेल, असं त्याला वाटलं.

पारावर चार माणसं बसली होती. गेल्या वर्षी फौजदाराला चहा पाजणारी हीच ती चौघं. लहानू त्यांच्यासमोर मुद्दाम उभा राहिला आणि तोंडभर हसला.

"साहेब, हसता काय?" एक जण म्हणाला. "आमच्या गल्लीत वीज टिकत नाही, ते आधी लिहून घ्या."

मग दुसऱ्याने खांब वाकल्याची तक्रार केली. तिसऱ्याने तारेवर फांदी पडल्याची केली. लहानूने सगळं लिहून घेतलं. हा साहेब मागच्यापेक्षा बरा आहे, निदान ऐकून तरी घेतो, यावर चौघांचं एकमत झालं.

वत्सलाआजी ओसरीवर तूर निवडत बसली होती. शेजारी पाळण्यात तिचा पणतू होता. घरची माणसं शेतावर गेली होती.

"मीटर," लहानू म्हणाला.

"आत आहे, फळीच्या वर." आजीने मान वर केली, टोपी पाहिली, पिशवी पाहिली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. पाळण्यात पोर कुरकुरलं. "साहेब, जरा दोरी धरा. मी फळीवरचे डबे बाजूला करते. ती बॅटरी राहू द्या, आत दिवा आहे."

आणि ती आत निघून गेली.

लहानूच्या हातात पाळण्याची दोरी होती. त्याने ती आपोआप ओढली. कडी कुरकुरली. अगदी त्याच्या घरच्यासारखी. पोराने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि ते त्याच्याकडे बघतच राहिलं. ओसरी रिकामी होती. दार सताड उघडं होतं. तेवढ्यात रस्त्याच्या धुळीने की कशाने त्याच्या घशात खवखवलं. त्याने चटकन तोंड फिरवलं, खोकला हाताच्या कोपरात दाबला आणि दोन पावलं मागे सरला.

तेव्हा त्याला दाराआडची काठी दिसली. छान, तेल लावलेली, हाताशी येईल अशी ठेवलेली. म्हातारी निष्काळजी नव्हती. ती काठी फौजदारासाठी होती. फौजदार आलाच नाही, आणि जो आला त्याच्या हातात तिने पाळण्याची दोरी देऊन टाकली.

मी भला माणूस, म्हणून ठीक, लहानूच्या मनात आलं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर?

त्याने टोपी काढली.

"आजी, काठी आणा."

"काठी कशाला? मीटरवर पाल बसलीय का?" आजी आतून म्हणाली.

"मी लहानू."

आजी बाहेर आली. तिने त्याला जवळून पाहिलं. मग तो पडलेला दात पाहिला, तेव्हा कुठे तिला ओळख पटली. गेल्या वर्षीसारखं हसू तिला आलं नाही. पाळण्याची दोरी मात्र तिने त्याच्या हातातून काढून घेतली.

"मेल्या, फौजदार होऊन आला असतास, तर वेशीवरच ओळखलं असतं तुला."

बापाने लहानूला जे सांगितलं होतं, तेच म्हातारी उलट्या बाजूने सांगत होती: पाहिलेलं सोंग लोक ओळखतात, नवं ओळखत नाहीत. तीस वर्षं बापाच्या नियमावर त्याचं घर चाललं होतं आणि तो रस्त्यात उभा राहून एका शहाण्या बाईला सांगत होता की एकदा ओळखला तो कायमचा ओळखला.

आजी सूप आणायला वळली. "दाणे नकोत, आजी," तो म्हणाला. "आज फसलो मी."

तो घरी गेला नाही. त्याच कपड्यांत तडक उपकेंद्रात गेला. नर्सबाई मान खाली घालून नोंदी लिहीत होत्या.

"मीटर मागच्या भिंतीला आहे," त्या वर न बघता म्हणाल्या.

"मीटर बघायला नाही आलो. दंड पुढे करायला आलोय."

नर्सबाईंनी वर पाहिलं. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "गेल्या वर्षी घेतली होती ना?"

"ती फौजदाराची होती," लहानू शर्टाची बाही वर सारत म्हणाला. "यंदाची द्या."

सुई टोचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हात दुखेल एखाद-दोन दिवस. आणि नातीला लगेच घेऊ नका, पंधरा दिवस थांबा. अंगाला नवं सोंग ओळखायला तेवढा वेळ लागतो. आता ताप कधी येणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण आला तरी बहुतेक वेळा तो ओसरीवरच अडतो, माजघरापर्यंत जात नाही. आणि खोकला असला की पाळण्यापासून लांब राहायचं, लस घेतली तरी."

हात दोन दिवस दुखला. त्या आठवड्याचा बाजार पुन्हा बुडला. लहानू ओसरीवर बसून दिवस मोजत राहिला. या वेळी कुणी विचारलं की तो खरं कारण सांगायचा. "हात दुखतो. दुखू दे," म्हणायचा. ऐकणाऱ्यांपैकी दोघं-तिघं दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात दिसले.

सोळाव्या दिवशी मालनने आतल्या खोलीतला पाळणा सोडवला आणि ओसरीवर आणून बांधला. तिने दोरी सासऱ्याच्या हातात दिली. लहानूने तोंड स्वच्छ धुतलं होतं. चेहऱ्यावर ना रंग होता, ना मिशी. नातीने त्याच्याकडे बघून जांभई दिली. त्याने तिला दोन्ही हातांत उचलून घेतलं.

"मामंजी," मालन म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आठवण कर," लहानू म्हणाला. "दर वर्षी येतोच तो."

तात्पर्य: ओळखीच्या शत्रूसाठी ठेवलेली काठी नव्या सोंगातल्या शत्रूला अडवत नाही, म्हणून राखण दर वर्षी नव्याने करावी, आणि ज्याला स्वतःची राखण करता येत नाही त्याच्यासाठी तर आधी करावी.